दीपगृह की सिंहासन? अ‍ॅक्वामॅन वाचायला कुठून सुरुवात करावी

माझ्या भाच्याने समुद्रातल्या सुपरहिरोवरचा, जेसन मोमोआचा ‘अ‍ॅक्वामॅन’ सिनेमा तीनदा पाहिलाय. दहावीची परीक्षा संपली त्या संध्याकाळी तो माझ्या कपाटासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मावशी, यातलं आधी कुठलं घेऊ?” मी पटकन उत्तर देऊ शकले नाही. कपाटात अ‍ॅक्वामॅनचा अख्खा कप्पा आहे, पण त्या कप्प्यात एकच माणूस राहत नाही. एकाचे वडील समुद्राचे संशोधक, दुसऱ्याचे दीपगृहाचे रखवालदार, तिसऱ्याला तर डॉल्फिनांनी वाढवलेलं. एकाला दोन्ही हात आहेत, एकाच्या डाव्या मनगटावर हार्पून, म्हणजे मासे मारायचा भाला आहे, एकाचा हात पाण्याचा आहे. एक जण लग्न करून सुखाने नांदतोय, एकाचं मूल गेलेलं आहे. नाव सगळ्यांचं एकच.

ज्यांनी सिनेमा पाहिलाय आणि आता मूळ कॉमिक्सकडे वळायचंय, त्यांची हीच अडचण होते. दुकानात चार खंड शेजारी शेजारी असतात, चारही मुखपृष्ठांवर तोच नारिंगी खवल्यांचा अंगरखा, आणि पैसे एकाच खंडापुरते असतात. म्हणून हे सगळे अ‍ॅक्वामॅन एकमेकांशेजारी मांडून बघू.

माझी मोजपट्टी आधी सांगते. आर्थर करी, म्हणजेच अ‍ॅक्वामॅन, या माणसाकडे दोन जागा आहेत. किनाऱ्यावर वडिलांचं दीपगृह आणि खाली, समुद्रातल्या अटलांटिस राज्याचं सिंहासन. एका ठिकाणी तो मुलगा असतो, दुसऱ्या ठिकाणी राजा. गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं त्याला लिहिणाऱ्या प्रत्येकाने या दोन जागांचं काहीतरी केलंय. कुणी एक काढून घेतली, कुणी दोन्ही दिल्या, कुणी दोन्हींत भांडण लावलं. तुम्हाला कुठला अ‍ॅक्वामॅन आवडेल हे बहुतेक वेळा यावरूनच ठरतं. शक्ती किती आणि शत्रू कोण, हे मग दुय्यम होतं.

पहिल्या अ‍ॅक्वामॅनकडे यातलं काहीच नव्हतं. नोव्हेंबर १९४१ ची तारीख असलेल्या ‘मोअर फन कॉमिक्स’च्या ७३ व्या अंकात तो आला. लेखक मॉर्ट वाइसिंगर, चित्रकार पॉल नॉरिस. ग्रीन अ‍ॅरोचा जन्मही त्याच अंकातला. पहिल्याच गोष्टीत त्याच्यासमोर जर्मन पाणबुडी उभी राहते, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. या अ‍ॅक्वामॅनच्या वडिलांना समुद्रतळाशी एक बुडालेलं प्राचीन शहर सापडतं, तिथल्या ज्ञानाच्या जोरावर ते मुलाला पाण्यात जगायला शिकवतात. म्हणजे त्याची ताकद शिकून आलेली आहे, रक्तातून नाही. आई लहानपणीच गेलेली, राज्य नाही, घर असं नाही. हातमोजेसुद्धा पिवळे, पुढे ते हिरवे झाले. पाण्यातून आलेला सुपरहिरो म्हणूनही तो पहिला नव्हे. बिल एव्हरेट यांचा नेमॉर १९३९ पासून होता, आणि तो जास्त तापट, जास्त धोकादायक होता. इतिहासाची आवड असेल तर या काळातल्या दोन-तीन गोष्टी जरूर वाचा. सुरुवात मात्र इथून करू नका.

एक गोष्ट त्या काळाच्या बाजूने सांगायलाच हवी. युद्धानंतर सुपरहिरोंची लाट ओसरली, एकेक मालिका बंद पडत गेली. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन सोडले तर सतत छापले जात राहिलेले फार थोडे उरले, त्यांत अ‍ॅक्वामॅन होता. दुसऱ्यांच्या अंकात मागच्या पानांवर, काही पानांची गोष्ट म्हणून. पण राहिला.

त्या मागच्या पानांना रूप दिलं रमोना फ्रेडन यांनी. १९५१ पासून साधारण दहा वर्षं त्यांनी तो काढला. सुपरहिरो काढणाऱ्या बायका तेव्हा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. २०२४ मध्ये, ९७ व्या वर्षी, त्या गेल्या. त्यांचा समुद्र मायाळू आहे. टोपो नावाचा ऑक्टोपस अ‍ॅक्वामॅनचा सवंगडी आहे, मासे रांगेने मदतीला येतात, चेहरे गोल आणि हसरे, रेषा एकदम स्वच्छ. घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल आणि त्याच्यासाठी निवडत असाल तर पुढचं सगळं विसरा आणि फ्रेडन यांची पानं मिळवा. त्यांत हिंसा जवळपास नाही आणि प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे संपते.

फ्रेडन यांच्याच चित्रांतून १९५९ मध्ये सगळ्यात मोठा बदल झाला. ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’च्या २६० व्या अंकात रॉबर्ट बर्नस्टाइन यांनी त्याला नवा जन्म दिला. टॉम करी नावाचा दीपगृहाचा रखवालदार, वादळात त्याला सापडलेली एक बाई, तिच्याशी लग्न, एक मुलगा. मरताना ती सांगते, मी अटलांटिसची, अटलाना. मुलगा आता दोन जगांचा झाला. थोड्याशा पानांत उरकलेली ही गोष्ट आहे, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. २०१८ च्या सिनेमाची सुरुवात आठवा, दीपगृह, पाऊस, खडकावर पडलेली निकोल किडमन. ते १९५९ चंच बीज आहे.

यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण नवे वाचक हा काळ सर्रास गाळतात.

१९६० मध्ये तो जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघाच्या संस्थापकांत आला आणि १९६२ मध्ये त्याला स्वतःच्या नावाची मालिका मिळाली. चित्रकार निक कार्डी. ११ व्या अंकात मेरा आली, १८ व्या अंकात दोघांचं लग्न झालं, २३ व्यात मुलगा झाला, आणि याच दरम्यान तो अटलांटिसचा राजाही झाला. हे सगळं १९६३ ते १९६५ या काळात. त्या वेळी सुपरहिरो लग्न करत नसत. सुपरमॅन आणि लोइस लेन यांचं वर्षानुवर्षं नुसतं चाललेलं असायचं. अ‍ॅक्वामॅनला मात्र बायको, पाळणा, दरबार, सगळं एकदम मिळालं. पुढे सावत्र भाऊ ओशन मास्टर आला, १९६७ मध्ये ३५ व्या अंकात ब्लॅक मँटा हा वैरी आला. ते दोघेही लेखक बॉब हेनी आणि कार्डी यांचे. गोष्टी बऱ्याचदा भाबड्या आहेत, क्विस्प नावाचा एक पाण्यातला बुटका जादूगार मध्येच येऊन मदत करतो, तो मला कधीच आवडला नाही. पण कार्डींची मेरा पाहा. तिचे लाल केस पाण्यात ज्या तऱ्हेने पसरतात, त्यावरून पाणी कुठल्या दिशेला चाललंय ते कळतं. पाणी काढणं सोपं नाही. बहुतेक चित्रकार चार बुडबुडे काढतात आणि मोकळे होतात.

मग १९६८ मध्ये ४० व्या अंकापासून लेखक स्टीव्ह स्कीट्स, चित्रकार जिम अपारो आणि संपादक डिक जॉर्डानो असं त्रिकूट आलं. त्यांनी पहिलं काम केलं ते मेराला पळवून नेण्याचं. पुढचे नऊ अंक, ४० ते ४८, राजा राज्य टाकून बायकोला शोधत हिंडतो. तोवर अ‍ॅक्वामॅनची गोष्ट बहुतेक वेळा एका अंकात, फार तर दोनांत मिटायची. इथे ती वर्षभराहून जास्त चालली, आणि त्याच्यामागे अटलांटिसमध्ये राजकारण शिजत राहिलं. नवरा बायकोच्या शोधात भटकतोय आणि रिकामं सिंहासन दुसरंच कुणी हळूहळू बळकावतंय, ही गोष्ट आपल्याला तर चटकन भिडावी. अपारोंच्या चौकटी कधी तिरक्या, कधी लांबच लांब उभ्या, आणि खोल पाण्यातला अंधार खरोखर अंधार वाटतो. हे नऊ अंक ‘द सर्च फॉर मेरा’ या नावाने एकत्र निघाले आहेत. साठच्या दशकातलं एकच काही घ्यायचं झालं तर हेच घ्या.

वाचक मात्र पुरेसे मिळाले नाहीत. १९७१ मध्ये ५६ व्या अंकावर मालिका बंद झाली.

सत्तरीच्या मध्यावर अ‍ॅक्वामॅन पुन्हा ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’मध्ये आला, चित्रं अपारोंचीच. १९७७ मधला ४५२ वा अंक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा काही वेळ नुसती बसून राहिले होते. डेव्हिड मिशेलिनी यांची गोष्ट. ब्लॅक मँटा अ‍ॅक्वामॅनच्या लहानग्याला एका पारदर्शक गोलात बंद करतो, आणि त्या गोलात हळूहळू हवा भरत जाते. पाणी नव्हे, हवा. हे मूल पाण्यात श्वास घेणारं आहे. आपलं मूल बुडत असेल तर आपण त्याला हवेत ओढून काढतो, इथे हवाच त्याचा जीव घेते. बाप समोर आहे आणि त्याला वेळेत पोचू दिलं जात नाही. ते मूल जातं, आणि कॉमिक्समध्ये मेलेली माणसं परत येतात तसं ते परतही आलं नाही. कार्डींनी उभं केलेलं घर तिथे मोडलं. पुढची वीस वर्षं लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्या रिकाम्या पाळण्याशेजारूनच जावं लागलं. या गोष्टी ‘डेथ ऑफ अ प्रिन्स’ या खंडात आहेत. खंड उत्तम आहे, पण पहिलं पुस्तक म्हणून नाही. काय हरवलं ते माहीत नसेल तर हरवल्याचं दुःख कसं होणार?

एक गमतीची गोष्ट अशी की याच काळात लाखो लोकांच्या मनात बसला तो वेगळाच अ‍ॅक्वामॅन. १९६७ च्या कार्टूनमध्ये तो समुद्री घोड्यावर स्वार व्हायचा, १९७३ पासून ‘सुपर फ्रेंड्स’मध्ये तो माशांना हाका मारायचा आणि बाकीचे वीर शहरं वाचवायचे. छापील पानांवर त्याचं मूल गेलेलं असताना पडद्यावर तो चेष्टेचा विषय झाला. माशांशी बोलणारा म्हणून त्याची टवाळी अमेरिकेत पुढे कित्येक वर्षं चालली. मला ही टवाळी नेहमी अन्यायाची वाटत आली आहे. पृथ्वीचा जवळपास ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे. तिथल्या प्रत्येक जिवाला साद घालू शकणारा माणूस दुबळा कसा?

१९८६ ची चार अंकांची छोटी मालिका मी इथे ओझरती सांगते. तिच्यात त्याला निळ्या लाटांचा पोशाख मिळाला, क्रेग हॅमिल्टन यांची चित्रं फार देखणी, गोष्ट जादूटोण्याच्या अंगाने गेलेली. १९८९ मध्ये त्याचा जन्म पुन्हा बदलला, आणि हा बदल महत्त्वाचा. आता तो पूर्ण अटलांटिसचा. पिवळे केस अपशकुनी ठरवून त्याला तान्हेपणी एका खडकावर मरायला टाकून दिलेलं. डॉल्फिनांनी वाढवलेला. दीपगृहाच्या रखवालदाराने त्याला पुढे आसरा दिला, आर्थर करी हे नाव त्याच्याकडून आलं, पण तो बाप नव्हे. म्हणजे दीपगृहाची एका रात्रीत घरातून धर्मशाळा झाली.

आता खरा सामना. आज कुणी अ‍ॅक्वामॅन वाचायला घेतो तेव्हा निवड बहुतेक दोघांतच असते, पीटर डेव्हिड यांचा १९९४ चा आणि जेफ जॉन्स यांचा २०११ चा. मी दोन्ही अनेकदा वाचलेत आणि दोन्हींवर माझा जीव आहे.

डेव्हिड यांनी आधी १९९० मध्ये ‘अटलांटिस क्रॉनिकल्स’ या सात अंकांत अटलांटिसचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास लिहिला, एस्तेबान मारोतो यांच्या चित्रांसह, आणि त्यात अ‍ॅक्वामॅन जवळजवळ नाहीच. मग चार अंकांत त्याचं बालपण आणि तारुण्य सांगितलं. आणि मग १९९४ ची मोठी मालिका. दुसऱ्याच अंकात कॅरिब्डिस नावाचा खलनायक त्याचा डावा हात पिरान्हा माशांच्या पाण्यात बुडवून धरतो. विचार करा, ज्याला सगळे मासे आपले, त्याचा हात माशांनी खाल्ला. नंतर तो त्या मनगटावर हार्पून बसवतो, दाढी वाढवतो, केस खांद्यांखाली जातात, अर्धी छाती उघडी. हात तुटलेला अ‍ॅक्वामॅन आमच्या पिढीतल्या अनेकांना २००१ च्या ‘जस्टिस लीग’ कार्टूनमधून माहीत आहे. तिथे तो तान्ह्या मुलाला वाचवायला स्वतःच आपला हात तोडतो. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर फरक कळतो. कार्टूनमध्ये ते बापाचं बलिदान आहे, डेव्हिड यांच्याकडे तो अपमान आहे, आणि त्या अपमानाचं शस्त्र कसं करायचं हे तो माणूस पुढे अंकामागून अंक शिकत जातो.

हा आर्थर चिडका आहे, उद्धट आहे, त्याला जमिनीवरच्या लोकांविषयी फारसं प्रेम नाही. त्याला सिंहासन आहे, घर नाही. मेरा बराच काळ दूर आहे. पण डेव्हिड यांचं वैशिष्ट्य असं की या सगळ्या कडवटपणाच्या मध्येच ते हसवतात, आणि पात्रांना एकमेकांशी बोलू देतात. गार्थ, म्हणजे पूर्वीचा अ‍ॅक्वालॅड, आणि आर्थर यांच्यातलं नातं, मुलगा म्हणावं की शिष्य म्हणावं असं, इथे आहे तितकं खरं मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही. तोटे सांगते. चित्रं नव्वदीतली आहेत, स्नायू फुगलेले, कपडे कमी, दात ओठ खाल्लेले. वाट लांब आहे, डेव्हिड यांचेच चाळीसहून जास्त अंक. मध्येच त्या काळच्या इतर मालिकांतल्या घडामोडी येऊन धडकतात. आणि ४६ व्या अंकानंतर ते बाहेर पडले, त्यामुळे त्यांनी पेरलेलं बरंचसं दुसऱ्यांनी कापलं. डेव्हिड २०२५ मध्ये गेले. त्यांच्या नावाने निघालेल्या संकलनांचा पहिला भाग तेवढा मिळाला तरी पुरे आहे.

जॉन्स यांनी उलटी वाट धरली. सप्टेंबर २०११ मध्ये डीसी या अ‍ॅक्वामॅनच्या प्रकाशकाने सगळ्याच मालिका पहिल्या अंकापासून नव्याने सुरू केल्या, तेव्हा अ‍ॅक्वामॅन त्यांच्याकडे आला. चित्रकार इव्हान रेइस, ब्राझीलचे. जॉन्स यांनी १९५९ चे आईवडील परत आणले, दीपगृह परत आणलं, दोन्ही हात परत दिले, नारिंगी-हिरवा पोशाख जसाच्या तसा ठेवला, आणि लोकांची टवाळी गोष्टीच्या आतच घेतली. पहिल्या अंकातला तो प्रसंग मी भाच्याला पानावर बोट ठेवून दाखवला. आर्थर बोस्टनमधल्या एका माशांच्या खानावळीत शिरतो, बसतो आणि मासे-चिप्स मागवतो. शेजारची माणसं थबकतात. तुम्ही मासे कसे खाऊ शकता, तुम्ही तर त्यांच्याशी बोलता ना? एक जण फोन पुढे करून येतो आणि तोंडावर विचारतो, कुणाचाच आवडता सुपरहिरो नसणं कसं वाटतं? आर्थर ओरडत नाही, टेबल उलटत नाही. त्याला तिथे बसायचं होतं ते वडिलांसोबत पूर्वी इथे यायचा म्हणून. न खाताच तो उठतो आणि जाताना वेट्रेससाठी समुद्रातली जुनी सोन्याची नाणी ठेवून जातो. मग दीपगृहावर मेराकडे येतो आणि सांगतो की आपण इथेच राहायचं. सिंहासन नको, वडिलांचं घर हवं.

माझ्या मते नव्या वाचकाला अ‍ॅक्वामॅनविषयी जे माहीत असायला हवं ते सगळं त्या एका अंकात आहे, आणि ते समजावून सांगितल्यासारखं वाटत नाही. चेष्टा माहीत असलेल्यालाही तो अंक चालतो आणि अगदी कोऱ्या पाटीने आलेल्यालाही.

पुढे ‘द ट्रेंच’मध्ये खोल दरीतून भुकेली जमात वर येते आणि माणसं ओढून नेऊ लागते. रेइस यांचे ते दात आणि ते चमकणारे डोळे लहान मुलांना झेपणार नाहीत. बारा-तेराच्या आतल्या कुणाला देऊ नका. पण भीतीपेक्षा जास्त लक्षात राहतो तो पेच. ती जमात दुष्ट नाही, भुकेली आहे, आणि समुद्राचा राजा कुणाचा राजा असतो, त्यांचाही नाही का? सहावा अंक एकट्या मेराचा. ती कुत्र्यासाठी खाणं आणायला गावातल्या दुकानात जाते, एवढंच कारण, आणि तिथे एक पुरुष तिच्याशी जसा वागतो त्यावरून जमिनीवरचं जग तिला काय दिसतं ते कळतं. त्यानंतरच्या ‘द अदर्स’मध्ये ब्लॅक मँटाचं आणि आर्थरचं वैर दोघांच्या वडिलांपर्यंत जाऊन पोचतं. इथे खलनायकाला कारण मिळालं, आणि नायकाला अपराध.

तोटे इथेही आहेत. ‘थ्रोन ऑफ अटलांटिस’ ही पुढची गोष्ट अर्धी जस्टिस लीगच्या अंकांत चालते, त्यामुळे एकत्र खंडच घ्यावा लागतो, सुटे अंक घेतलेत तर धागा हरवतो. आणि अटलांटिसमधली साधी माणसं इथे फारशी दिसत नाहीत. डेव्हिड यांच्या अटलांटिसला हजारो वर्षांचा भूतकाळ आहे, जॉन्स यांच्या अटलांटिसला मुख्यतः सैन्य आहे. संवाद डेव्हिड यांचे सरस, बांधणी जॉन्स यांची. चित्रांत रेइस सरळ जिंकतात. जॉन्स २५ अंकांवर थांबले आणि गोष्ट बरीचशी पूर्ण करून थांबले, हे नव्या वाचकाच्या दृष्टीने फार मोठं आहे.

सिनेमा आवडला म्हणून येणाऱ्यांना मी एवढंच सांगते की मोमोआ दिसतो १९९४ चा आणि जगतो २०११ चं. दाढी, केस, तो रांगडेपणा हार्पूनवाल्याच्या जातकुळीतला. पण ट्रेंचचे जीव, झेबेल या समुद्रराज्यातली मेरा, गादीवरून ऑर्मशी, म्हणजे ओशन मास्टरशी होणारा झगडा, हे जॉन्स यांच्या पानांतून आलेलं आहे.

या दोघांच्या मधलं दशक वाईट म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या मालिकेत त्याचा हात पाण्याचा असतो, ते सोडा. पण १५ व्या अंकापासून विल फायफर आणि पॅट्रिक ग्लीसन यांनी एक कल्पना आणली. भूकंपाने सॅन डिएगो शहराचा तुकडा समुद्रात जातो, आणि वाचलेले लोक पाण्यातच श्वास घेऊ लागतात. आता त्यांना वर येता येत नाही. इथे ना दीपगृह आहे ना सिंहासन, आहे ती बुडालेली वस्ती. कालपर्यंत बसने कामावर जाणारी माणसं आज पाण्याखालच्या त्याच रस्त्यांवर राहायला शिकतात आणि आर्थर त्यांचा कोतवाल होतो. धरणाखाली आणि भरतीखाली गावं गेलेली पाहिलेल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. पुढे मालिका भरकटली, पण हे अंक कधी दिसले तर सोडू नका.

२०१६ नंतरचं दोन वाक्यांत नाही सांगता येत, पण थोडक्यात सांगते. डॅन अ‍ॅबनेट यांचा काळ लांबलचक राजकारणाचा. त्यातला ‘अंडरवर्ल्ड’ हा भाग स्तेपान शेयिच यांच्या रंगांसाठी घ्यावा, बुडालेल्या शहराच्या तळाशी असलेली गरीब वस्ती आणि आपोआप उजळणारी शरीरं. २०१८ च्या अखेरीस केली सू डिकॉनिक यांनी त्याची स्मृती काढून घेऊन त्याला एका बेटावर जुन्या, विसरल्या गेलेल्या समुद्रदेवतांमध्ये आणून टाकलं. चित्रं रॉबसन रोशा यांची. त्यांच्या लाटा पाहताना मला कार्डींनी काढलेले मेराचे केस आठवतात. २०२१ मध्ये कोविडने रोशांना ऐन उमेदीत नेलं. या मालिकेत आर्थर आणि मेरा यांना मुलगी होते, आणि ज्याने १९७७ चा तो गोल पाहिलाय त्याला ही बातमी साधी वाटत नाही.

शेवटचं एक पुस्तक वेगळं काढून ठेवलंय. ‘अ‍ॅक्वामॅन: अँड्रोमेडा’, २०२२, तीन मोठे अंक, लेखक राम व्ही. ते मुंबईत वाढले, लंडनमध्ये राहतात. चित्रं क्रिश्चन वॉर्ड यांची. प्रशांत महासागरात पॉइंट नेमो नावाची जागा आहे, कुठल्याही जमिनीपासून सगळ्यात दूर, सर्वांत जवळचं बेटही तिथून सुमारे २,७०० किलोमीटर. निकामी अंतराळयानं मुद्दाम तिथे पाडतात. त्या तळाशी काहीतरी हललंय म्हणून एक पाणबुडी खाली जाते. गोष्ट पाणबुडीतल्या माणसांची आहे, प्रत्येकाने सोबत आपलं आपलं ओझं आणलंय. अ‍ॅक्वामॅन इथे फार बोलत नाही. तो दिसतो तो पाण्यातल्या एखाद्या जुन्या आख्यायिकेसारखा, मोठा, अर्धवट, कधी कधी भीतिदायक. आधीचं काहीही वाचलेलं नसलं तरी चालतं आणि एका बैठकीत होतं. मोठ्या माणसाला एकच पुस्तक भेट द्यायचं असेल तर मी हे देते. मुलांना नको.

आणि ज्याला काहीच ठरवता येत नाही त्याच्यासाठी डीसीने २०१६ मध्ये पंचाहत्तरीनिमित्त काढलेला संग्रह आहे, दर दशकातल्या निवडक गोष्टींचा. चव घ्यायला बरा, पण कुठल्याच ताटावर पोट भरत नाही.

भाच्याला मी ‘द ट्रेंच’ दिला, पहिले सहा अंक. दोन दिवसांनी तो परत आला. खानावळीतल्या त्या प्रश्नाचा त्याला राग आला होता, फोन घेऊन आलेल्या माणसाचा खरोखरचा राग. मग त्याने ‘अदर्स’ नेलं आणि परवा येऊन थेट ‘डेथ ऑफ अ प्रिन्स’वर हात ठेवला, कुणीतरी त्याला त्या गोलाबद्दल सांगितलं होतं. मी ते परत जागेवर ठेवलं आणि ‘सर्च फॉर मेरा’ त्याच्या हातात दिलं. आधी हे घर भरलेलं बघ म्हटलं, ते पुढच्या आठवड्यात ने.